पानावर मोठं कोण

चिखलीत रंगरावांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटरवर बसते ती विजयश्री. कुणाचा वाढदिवस असो की निवड, गल्लीतली सगळी तोंडं तिनंच फ्लेक्सवर बसवायची. एखादं राहिलं की दुसऱ्या दिवशी तेच तोंड फुगून दुकानात हजर. त्यामुळं रिकामी जागा दिसली की पोरगी ती भरूनच टाकायची.

आता पिंपळे सौदागरच्या एका डिझाइन ऑफिसात जागा निघाली होती. आपल्या कामाचं पान नेटवर लावून संध्याकाळपर्यंत लिंक पाठवायची होती. विजयश्रीनं जीव ओतून पान भरलं आणि त्याच ऑफिसात कामाला असलेल्या मैत्रिणीला, श्रद्धाला, आधी दाखवलं.

"विजे, ह्याला दोन बांबू लाव आणि चौकात उभं कर," श्रद्धा फोनवर म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, सगळंच ओरडतंय. एक काम मोठं ठेव, बाकीची लहान. कडा एका ओळीत घे. अक्षरं एकाच वळणाची. आणि मधे मोकळं सोड जरा, डोळ्याला टेकायला जागा नको?"

विजयश्री पुन्हा कॉम्प्युटरला बसली. कडा जुळल्या, सोनेरी अक्षरं गेली, भीत भीत मोकळंही सोडलं. पण मोठं कोण? दुकानात ते गिऱ्हाईक सांगायचं, साहेब एवढे, भाचा एवढा. इथं सांगणारं कुणी नाही. ह्याला मोठं कर, त्याला मोठं कर, करता करता उन्हं कलली.

अगदी तळाला, भाजणी विकणाऱ्या सरूबाईंना तिनं करून दिलेला पुडीवरचा कागद होता. पांढऱ्यावर एक तपकिरी कणीस, खाली नाव, बास. सरूबाईंना गर्दी आवडत नाही. विजयश्रीला त्या कागदाची लाजच वाटायची. तोच तिनं वर ओढून मोठा केला, फ्लेक्स एकच ठेवला, तोही लहान, आणि डोळे मिटून लिंक पाठवली.

मग नुसती धाकधूक. दिवेलागणीला मेसेज आला, सोमवारी भेटायला या. तिनं तो रंगरावांना दाखवला.

"सोमवारी अण्णासाहेबांचा वाढदिवस हाय," रंगराव म्हणाले. "तू न्हाई तर तोंडं कोण बसवणार?"

"उद्याच बसवून ठेवते, काका."

"आन् ऐनवेळी कुणी फोटो घिऊन आला तर?"

"त्याला पुढच्या वर्षी या म्हणा. सोमवारी मी नाही."

तिथं घेतील का नाही कुणास ठाऊक, आणि इथलंही जातंय की काय, ही धास्ती तिला होतीच. तरी पिशवी उचलून ती घराकडं निघाली.