थंड डोक्याचा माणूस

"तू आज लेथला हात लावू नकोस. बाहेर उभा राहा. पूजा झाली की हाक मारतो."

फोरमन हे अगदी हळू बोलला. प्रेमाने बोलला म्हटलं तरी चालेल. खांद्यावर हात मात्र ठेवला नाही.

खंडेनवमी होती. पिंपरीच्या माळावर आता नवे कारखाने उठताहेत. आमच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. ज्याचं यंत्र, त्याने पुजायचं, असा रिवाज. माझ्या लेथची पूजा मात्र फोरमन करणार होता. मी महार. वर्षभर त्या लेथवर मीच राबतो, तात्पुरता कामगार म्हणून. आदल्या दिवशी रॉकेलने पुसून लख्ख मीच केला होता. तेव्हा तो विटाळला नव्हता. एरवीचं लोखंड त्या सकाळी देव झालं, आणि देव झाल्याबरोबर त्याला माझी जात कळली.

अस्पृश्यता कायद्याने संपली होती. आमच्या खात्याला ते कळवायचं राहून गेलं असावं.

मी हसलो. बाहेर जाऊन उभा राहिलो.

हे हसणं मी कमावलेलं होतं. मॅट्रिक होऊन चिखलीहून कामाला येऊ लागलो तेव्हापासून. ओंजळीत वरून पाणी ओतलं, की हसायचं. कुणी 'शिकलेलं म्हारडं' म्हटलं, की ऐकूच आलं नाही असं दाखवून कामावर नजर ठेवायची. फारच झालं तर बुटात पायाची बोटं आवळायची. बुटातलं कुणाला दिसत नाही. घरी गेल्यावर मात्र घास उतरायचा नाही. बायको ताट वाढून समोर बसायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो. राग कुठे तरी जातोच. माझा तिच्याकडे जायचा, कारण ती मला कामावरून काढू शकत नव्हती.

आत नारळ फुटला. मग मॅनेजरसाहेबांचं भाषण. डोक्याला फेटा, मराठीत इंग्रजीची पेरणी. कामात ताण असतोच, ते म्हणाले, पण माणसाने मन ताब्यात ठेवावं, स्थितप्रज्ञ असावं. मग त्यांचं बोट दाराकडे वळलं. माझ्याकडे.

"तो बघा. कुणी काही बोला, याचा चेहरा हलत नाही. असा माणूस कायम करायला आम्हाला आनंदच होईल. ये रे, सांग यांना, कसं जमतं तुला?"

टाळ्या पडल्या. फोरमनने सर्वांत जोरात वाजवल्या.

माझ्या आवळलेल्या बोटांना ते शांती म्हणत होते. जे मी जगण्यासाठी शिकलो, ते त्यांना फार सोयीचं होतं. मी कायम होणार होतो, पण लेथ चालवणारा टर्नर म्हणून नव्हे. उभा राहा म्हटल्यावर उभा राहणारा म्हणून.

मी आत गेलो. हार घातलेल्या माझ्या लेथपाशी थांबलो. आवाज चढेल असं वाटत होतं. चढला नाही.

"साहेब, मी शांत नाही. मला भीती वाटते, म्हणून गप्प बसतो. हे माझं यंत्र आहे. मला बाहेर का उभं केलं, ते फोरमनसाहेबांनी सर्वांसमोर सांगावं."

फोरमन उदबत्तीकडे बघू लागला. साहेबांनी फेटा सारखा केला.

"सणाच्या दिवशी हा विषय नको."

"मग कोणत्या दिवशी, साहेब?"

साहेब निघून गेले. पेढे वाटायचे राहूनच गेले.

शेजारच्या यंत्रावरचा बबन मोशीचा. घरची शेती असलेला. तो जवळ आला. "आरं राव, आजच्या दिस गप ऱ्हायचं व्हतं. कायम झाला असतास."

"तू राहिला असतास का गप?"

"मला कोन भाईर हुबं करनार?" तो बोलून गेला, आणि मग त्याला माझ्याकडे बघवेना.

मला कायम केलं नाही. तात्पुरता ठेवलाय, कधीही काढतील. काढोत. राग मी आता गिळणार नाही, आणि घरीही नेणार नाही. जो अपमान करील त्याला, जिथे करील तिथे, चार माणसांत, खालच्या आवाजात कारण विचारीन. उत्तर मिळेपर्यंत समोरून हलणार नाही.