शेवटची पंगत

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, फ्रीगंज बाजारातल्या एसटीडी बूथवर एक कॉलेजातला मराठी पोरगा मला रोज भेटायचा. कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला त्याच्यासारखा चपळ कोणी नव्हता. गेल्या मोसमात गुडघा दुखावला आणि खेळ थांबला. आता विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली होती. कोणी विचारलं की मांडीवर सणसणीत थाप मारून म्हणायचा, "एकदम फिट, काका! अगले महीने मैदान में!" लोक खूश. मला ती थाप जरा जास्तच जोराची वाटायची.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाची पंगत बसली, तर हा वरणाची बादली घेऊन वाढत सुटला. "बघा, कसा पळतोय!" बायका कौतुक करत होत्या. मी बघत होतो ते त्याचं वाकणं. वाकायचा तो कमरेतून, गुडघा एकदाही दुमडला नाही. शेवटी वाढप्यांची पंगत बसली. सगळ्यांनी मांडी घातली. हा खांबाला टेकून उभाच. म्हणे, भूक नाही.

मी एक खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आजूबाजूला बघत त्यानं हळूच विचारलं, "काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"