चंद्राला सामोरं जाणारं विमान

“तिकीट कॅन्सल करा,” नितीन राणे आल्या आल्या म्हणाला. मागून त्याची आई, तणतणतच.

प्रभादेवीत माझं ट्रॅव्हल ऑफिस आहे. राणेकाकू लोअर परळच्या. सॅन फ्रान्सिस्कोला लेकीचं सिझर ठरलेलं, म्हणून दुपारी चारची नॉनस्टॉप फ्लाइट मीच काढून दिली होती. पंचांग कोण बघतो? नेमकी त्या दिवशी संकष्टी निघाली.

“काकू, विमानात फळं खा की.”

“चंद्र बघितल्याशिवाय काही नाही. ही पोरगी मला संकष्टीनंच दिलीय. तिच्याच बाळंतपणाला उपास मोडू होय रे?”

“आईचं इन्सुलिन चालू आहे,” नितीन म्हणाला. “डॉक्टरांनी बजावलंय, आठच्या आत जेवायचं. चंद्रोदय सव्वानऊला! वर विमानात शुगर घसरली तर कोण बघणार?”

“मग नाहीच जात मी.” काकूंचे डोळे भरले.

पुढच्या फ्लाइटने पोचेपर्यंत सिझर होऊन गेलं असतं. वैतागून मी माझ्या डिस्पॅचर मित्राला फोन लावला. डिस्पॅचर म्हणजे विमानाचा रस्ता आखणारा माणूस.

“अमेरिकेला जाताना चंद्र किती वाजता दिसेल रे?”

तो आधी हसला. मग म्हणाला, “ही फ्लाइट पश्चिमेला नाही, पूर्वेला जाते, जपानवरून. अंतर जास्त पडतं, पण मागून वारा ढकलतो, म्हणून वेळ वाचतो. पूर्वेला म्हणजे चंद्राला सामोरं. आपल्या घड्याळाने साडेसातच्या आत दिसेल. उजवीकडची खिडकी दे.”

मी थक्क! काकूंना सांगितलं, तर त्यांनी आधी हात जोडले.

“आणि पोचणार कधी?”

“त्याच दिवशी संध्याकाळी.”

“सोळा तास बसून? मग ते सोळा तास गेले कुठे?”

समुद्रात डेटलाइन नावाची एक मानलेली रेघ आहे, ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते, हे मी समजावलं. खरं सांगायचं तर बोलता बोलता मलाच गरगरलं.

त्या दिवशी सव्वानऊला मी गच्चीवर गेलो. इमारतींच्या मागून चंद्र वर येत होता. हाच चंद्र बघून काकूंनी कधीच मोदक खाल्ला असेल, या विचाराने अंगावर काटा आला. जन्म गेला तिकिटं विकण्यात. पृथ्वी फिरते हे तेव्हा कळलं बघा.

दोन दिवसांनी फोन आला. मागे बाळ रडत होतं.

“दिसला रे! केवढा लाल! आणि इथे उतरले तर अजून संकष्टीच. लेकीच्या बाल्कनीतून परत चंद्रोदय!”

“परत उपास धरलात की काय?” मी घाबरलो.

“छे! उपास एकच, मोदक दोनदा.”

कॉम्प्युटरशेजारी आता मी पंचांग टांगलंय. परतीच्या तिकिटाला मात्र त्याची गरज पडली नाही. काकूंनीच तारीख सांगून बजावलं, “संकष्टीला काढू नकोस हं. येताना उलटं यायचं, चंद्रोदय पुढे पुढे जाईल मेला.”