आईची दुपारची टेप

सत्त्याऐंशी साल असेल. रत्नागिरी, मांडवी, टळटळीत दुपार. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली आणि तिच्या शेजारी टेपरेकॉर्डरवर न्यूयॉर्कच्या एका तळघरातला क्लब धडधडतोय...

हसू नका. आमच्याकडे हे रोज चालायचं. शेजारच्या काकू आधी विचारायच्या, मग त्यांनी विचारणं सोडून दिलं.

मोहनदादा, माझा मोठा भाऊ, मालवाहू बोटीवर होता. बोटीवरच्या माणसांच्या घरी तेव्हा पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त यायच्या. तो तिकडून बोलून पाठवायचा, आम्ही सगळे गोल बसून ऐकायचो, आणि मग त्याच कॅसेटवर आमचं बोलणं भरून ती परत पाठवायचो. कोरी कॅसेट महाग, त्यामुळे सगळी घरं असंच करायची. त्याचा आवाज आम्ही दर खेपेला आमच्या हाताने पुसत होतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही... तो काय, पुढच्या महिन्यात परत बोलणारच होता.

एकदा सुट्टीवर आला तेव्हा ही वेगळी कॅसेट घेऊन आला. न्यूयॉर्कच्या बंदराजवळ एक जुनं गोदाम, त्याच्या तळघरात क्लब. बाहेर पाटी नाही, ओळखीशिवाय आत सोडत नाहीत. आत काळे, गोरे, खलाशी, ओठांना लाली लावलेली मुलं... सगळे घामाने निथळत पहाटेपर्यंत नाचतात आणि तू कोण, कुठला, असं कुणी कुणाला विचारत नाही. हे सांगताना दादाचा चेहरा असा काही उजळला होता की मला त्याचा हेवा वाटला. इथे गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी चार जण विचारतात.

त्याने तिथलं संगीत गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. त्याला आता हाऊस म्युझिक म्हणतात म्हणे. आम्हाला कुठलं कळायला? ना कडवं, ना धृपद. "काय रे ह्या? उखळात भात कांडतायत काय?" आई म्हणाली होती. दादाने पहिलं काम काय केलं, तर कॅसेटच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले. म्हणजे आईला त्यावर काही भरता येऊ नये. आपल्या घरच्यांना चांगलंच ओळखून होता.

पुढच्या फेरीला तो गेला आणि कंपनीची तार आली. समुद्रात अपघात... माणूस मिळाला नाही. आम्हाला शेवटचं बघायलाही काही मिळालं नाही.

मग आईने त्याचा आवाज शोधायला घेतला. घरातल्या सगळ्या कॅसेटी पालथ्या घातल्या. पाठवायला भरून ठेवलेल्या, नाहीतर सुट्टीत त्याने परत आणलेल्या, प्रत्येकीत आम्हीच होतो... माझी परीक्षा, आंब्याला आलेला मोहोर, कुणाचं तरी बारसं. बाकीच्या त्याच्याबरोबर गेल्या. उरली ती फक्त क्लबची.

त्या धडधडीत मध्येच एका ठिकाणी तो बोटीवरच्या मित्राला ओरडून म्हणतो, "अरे हिकडं ये! भिंती हालतायत बघ मेल्या!" आणि खदखदून हसतो. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी आई ती अख्खी बाजू ऐकायची. ती जागा आली की सुपातले हात थांबायचे. मग मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं, पुन्हा मागे.

कॅसेट तरी किती सोसणार? जी जागा सगळ्यात जास्त फिरली तिथेच पट्टी चुरगळली आणि एक दिवस मशीनमध्ये गुंडाळून तुटली. आई जेवेना. मी ती रुमालात बांधून रामआळीतल्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात नेली. माणूस भला होता, दुसऱ्याच दिवशी करून दिली. "ताई, चुरगळलेला तुकडा काढून टाकला आणि नीट सांधलंय. आता कुठे अडकायची नाही."

दादाचं हसणं त्याच तुकड्यात होतं. तो तुकडा कुठाय, विचारलं. सकाळीच केर काढला होता. त्याला काय सांगणार... रागावायला तरी जागा हवी ना? त्याने अगदी मन लावून काम केलं होतं.

घरी येऊन मी टेप लावली. धडधड सुरू झाली. ती जागा आली, खट् असं काहीतरी वाजलं आणि ढोल तसेच पुढे निघून गेले. आईने मान वर केली. मागे घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. सूप उचललं आणि आत गेली. त्या दुपारी मी जितकी रडले तितकी तार आली तेव्हाही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि आईने हाक मारली, "लाव गो त्याची टेप."

"आई, आता नाहीये तो त्यात..."

"ठाव हाय मला. बोलत नाय म्हणून काय तो तिथना गेला? त्या गर्दीत हाय तो. नाचूदे त्याला."

आई त्यानंतर पुष्कळ जगली आणि मशीन चालू होतं तोवर दुपारी ते ऐकत राहिली. आता ती नाही. तसलं जुनं संगीत हल्ली मोबाईलवर ढिगाने मिळतं. अंधाऱ्या तळघरांत नाचणाऱ्या त्या अनोळखी माणसांचे आभार मानावेत असं मला वाटतं. माझ्या भावाला त्यांनी काही न विचारता आपल्यात घेतलं होतं...

मी डोळे मिटून ऐकते. ढोल येतात, टाळ्या येतात, कुणीतरी दूरवर ओरडतं. आईला त्या गर्दीत तो सापडायचा. मी अजून शोधतेय.