किटली आणि मडकं

अन्याय झाला तो माझ्या वर्गातल्या एका मुलीवर. होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, भर दुपारी, वार्षिक तपासणीत, साऱ्या वर्गादेखत.

विसरवाडीहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर आमची शाळा होती. ती मुलगी वरच्या पाड्यावरून चालत यायची. सातवी करून मास्तरीण व्हायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात. त्या पाड्यातून तोवर कुणी तिसरीच्या पुढे गेलं नव्हतं.

पदार्थविज्ञान आम्हाला गुरुजी शिकवायचे. दिवाळीनंतर त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : वाफेचं पाणी कसं होतं, हे प्रत्येकाला आपल्या घरातलं उदाहरण देऊन सांगता आलं पाहिजे. ते त्यांनी महिनोन्‌महिने पुसलं नाही. आम्ही भाताच्या झाकणाखालचे थेंब बघत बसायचो. आई ओरडायची, भात कच्चा राहील म्हणून.

पुस्तकात मात्र किटली होती. तोटीसमोर थंड काच धरावी, असं लिहिलेलं. किटली आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. चित्रात ती बसलेल्या हत्तीसारखी दिसायची.

तपासणीला शाळाखात्याचे डिपोटी साहेब आले. त्यांनी मला उभं केलं. मी किटलीचं वाक्य धडाधड म्हटलं. "शाबास," ते म्हणाले. मग तिला उठवलं.

ती फळ्याकडे बघून बोलली. "खालच्या मडक्यात मोहाची फुलं उकळतात. वर गार पाण्याचं भांडं ठेवायचं. वाफ त्याच्या बुडाला लागते, थेंब होतात, आतल्या वाटीत पडतात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. नाहीतर वाफ तशीच उडून जाते."

मागून एकजण खुसखुसला, "आते सायबले बी वाटीभर देई ती!" सारा वर्ग खो-खो हसला.

साहेब हसले नाहीत. "तुझा बाप दारू गाळतो?"

"देवाला लागते," ती म्हणाली. "सगळेच काढतात."

डोंगरात हे कुणी लपवत नाही. पूजेला मोहाची धार लागते, तशी ती घरोघर निघते. विचारलं तर सांगायचं, एवढंच तिला ठाऊक. सरकारच्या लेखी तो गुन्हा, हे त्या वर्गात तिला कुणी शिकवलं होतं?

"हे उत्तर नव्हे, कबुलीजबाब आहे," साहेब म्हणाले आणि तिला नापास केलं. गुरुजी फळ्याला पाठ लावून उभे होते. त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांच्या पाठीमागे झाकलं गेलं होतं. ते बाजूला सरले नाहीत. नोकरीची भीती मलाही कळते. पण ते सरले नाहीत.

थोड्याच दिवसांत अबकारीचा हवालदार पाड्यावर चढला आणि त्यांच्या घरची मडकी फोडून गेला. त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. ऐकणारे पुष्कळ होते. बापानं मुलीला शाळेतून काढलं. म्हणाला, "घरातलं सांगायला लावतात आणि मग घरात शिरतात."

माझ्या उत्तरात एक अक्षर समजुतीचं नव्हतं. मी पास. वरचं पाणी का बदलायचं, हे मला तिच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. ती नापास. शिकवायचं एक ठरवलं, तपासलं दुसरंच! याला परीक्षा म्हणता?

आता मी हेच लिहिलेली पत्रकं वाटत गावोगाव हिंडतो. परवा पाड्यावर गेलो. ती अंगणात मोह वाळत घालत होती. मी म्हटलं, "पुन्हा परीक्षेला बसशील?"

फुलं पसरतच ती म्हणाली, "बसेन दादा. पण आधी सांगायला सांग, काय विचारणार ते. आणि मग तेच विचारा म्हणावं."

वाचणाऱ्यांनो, यात जास्त काय मागितलं तिनं? स्कूल बोर्डावर तुमच्या मतानं निवडून गेलेला माणूस बसला आहे. या बाजारच्या दिवशी त्याला गाठा. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलंच विचारून त्या मुलीची परीक्षा पुन्हा घ्यायला लावा, आणि तिच्या उत्तरासाठी हवालदार पाठवणार नाही असं त्याच्याकडून लिहून घ्या. तो हो म्हणेपर्यंत त्याच्या ओट्यावरून उठू नका.