अक्कांचा दीड तास

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या सुताला रंग देणारा एक कारखाना आहे. त्याच्या रंगाच्या टाकीला जोडायच्या एका छोट्या डब्याचा प्रोग्राम मी लिहीत होते. काम दिसायला सोपं. मोबाइलवरून मेसेज आला, की डब्यानं त्यातली वेळ ओळखायची, तेवढा वेळ टाकी तापत ठेवायची आणि मग बंद करायची. प्रोग्राम सी भाषेत. ही भाषा मला फार आवडते, कारण ती कुणाचे लाड करत नाही. घरचे म्हणतात, अगदी तुझ्यासारखीच.

टाकीवर अक्का असायच्या, मूळच्या दुधनीकडच्या. सुताची पहिली लडी बाहेर काढून पिळायची, उन्हात धरायची आणि मग बाकीचं सूत किती वेळ शिजवायचं ते सांगायचं, ही त्यांची रीत. ती नजर तिथं दुसऱ्या कुणाला नव्हती, म्हणून अक्कांना सुट्टीही नव्हती. आणि रविवारी मैंदर्गीला त्यांच्या लेकीचं डोहाळजेवण होतं, नेमकं मोरपंखी टॉवेलची मोठी ऑर्डर चालू असताना.

"पोरी, तुजा डबा चालला तर मी जाते," त्या म्हणाल्या. "न्हाय चालला तर लेकीची ओटी माज्याबिगर भरतील. बग तूच."

ठरलं असं, की टाकीवरच्या दुसऱ्या बाईंनी लडी उन्हात धरून फोटो पाठवायचा आणि अक्कांनी तो बघून मैंदर्गीहून डब्याला वेळ कळवायची.

शुक्रवारी चाचणी घेतली. अक्कांनी चष्मा वर सरकवून मेसेज टाइप केला: 1.30. टाकी तापली, बंद झाली, सूत बाहेर आलं. अक्कांनी एक लडी उचलली.

"ह्येला मोरपंखी म्हनायचं व्हय? आजारी मोर दिसतुया."

"रंग कमी पडला असेल," मी म्हटलं. चूक दुसऱ्याची असते, यावर माझी पहिल्यापासून श्रद्धा आहे.

"रंग मी घातलाय की," अक्का म्हणाल्या. विषय संपला.

लॅपटॉप उघडून बघते तर डब्यानं टाकी एक तास अठरा मिनिटंच चालवली होती. मला हसूच फुटलं. आकडा वाचायला मी strtod हे सीमधलं तयार फंक्शन वापरलं होतं. आपण सगळे वेळ लिहिताना तास आणि मिनिटांच्या मधे टिंब देतो. लग्नपत्रिकेत, डॉक्टरच्या पाटीवर, सगळीकडे. strtod बिचाऱ्याला ते दशांशचिन्ह वाटलं. एक पूर्णांक तीन दशांश तास. त्याच्या बाजूनं तो अगदी बरोबर होता, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना.

मग मी तिथंच पोत्यावर बसून sscanf हे दुसरं फंक्शन वापरलं आणि टिंबाच्या अलीकडचा आकडा तास, पलीकडचा मिनिटं, असं वेगवेगळं वाचून घेतलं. कुणी 1.5 लिहिलं तर? मग डब्यानं अंदाज करायचा नाही, उलट विचारायचं: दीड तास, की एक तास पाच मिनिटं?

अक्का मागे उभ्या होत्या. "आन् मी सरळ दीड लिवलं तर?"

मला चेवच आला. अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, सगळे प्रोग्राममध्ये घातले. आकड्याआधी 'साडे' असेल तर त्यात अर्धा मिळवायचा, 'पावणे' असेल तर पाव वजा करायचा. 'पावणेदोन' अवघ्या दोन ओळींत बसले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी सोलापुरात माझ्याइतकं खूश कुणी नसेल. आणि काहीच कळलं नाही, तर टाकीला हात न लावता उत्तर द्यायचं: वेळ कळली नाही, अक्का. पुन्हा सांगा.

शनिवारी पुन्हा चाचणी. अक्कांनी लडी उन्हात धरली. उलटीपालटी करून बघितली. मग रंगानं माखलेलं बोट माझ्या नाकाला लावलं आणि पिशवी भरायला गेल्या.

रविवारी मी टाकीजवळ लॅपटॉप घेऊन बसले. फोटो गेला. मैंदर्गीहून उत्तर आलं: पावणेदोन तास. टाकी सुरू झाली. पाऊण तास मी लॅपटॉपवर मिनिटं मोजत बसले.

तेवढ्यात डब्याला आणखी एक मेसेज आला: "पोरगी हिरव्या साडीत लई ग्वाड दिसतीया. मला बगून रडली, मग हसली. तू जेवलीस का?"

मेसेज माझ्यासाठी होता. घाईत अक्कांनी तो डब्याला धाडला होता. मी काही करायच्या आत डब्यानं शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलंसुद्धा: वेळ कळली नाही, अक्का. पुन्हा सांगा.

टाकी आपली शांतपणे तापत होती. थोड्या वेळानं स्क्रीनवर अक्कांचं उत्तर उमटलं.

"ऱ्हाऊ दे रं बाबा. आज मलाबी कळंना."