ओवाळायला उभी केलेली कॅप्टन

"धर हे ताट. जवानांना ओवाळ."

शाळेच्या चेअरमननी निरांजनाचं ताट माझ्या हातात दिलं. माझ्या अंगावर वर्दी होती. खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे.

गारगोटीजवळचं आमचं गाव. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालेलं. सुट्टीवर आलेल्या फौजींचा सत्कार. स्टेजवर गावातले जवान खुर्च्यांवर बसलेले. सगळे माझ्यापेक्षा हुद्द्यानं खाली. मला खुर्चीच नव्हती.

"मी पण फौजीच आहे," मी म्हटलं.

"व्हय की! पण ओवाळायला बाईमाणूसच लागतंय न्हवं?"

बायका हसल्या. माझे वडील, आबा, पहिल्या रांगेत होते. रिटायर हवालदार. छातीवर मेडलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

मग मी ओवाळलं. एक जवान आमच्याच गल्लीतला, कोवळा पोरगा. मी समोर गेले तसा तो ताडकन उठला. टाचा जुळवल्या. सल्यूट ठोकला. "जय हिंद, मॅडमसाब."

चेअरमननी त्याचा खांदा दाबला. "बस रं. घरचीच पोरगी हाय ती."

तो बसला. चेहरा पडलेला. माझ्या दोन्ही हातांत ताट. त्याच्या सल्यूटला मला उलट सल्यूटसुद्धा देता आला नाही.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं, "एक शब्द तरी बोलायचा होता."

आबा म्हणाले, "उभ्या नोकरीत बाईला सल्यूट ठोकला न्हाय मी. सकाळी तू वर्दी घालून बाहेर आलीस, तवा हात आपसूक वर निघालता. मी खिशात घातला. लोक हसतील म्हणून."

मी आत जाऊन रडले. वर्दीवर डाग पडू नये म्हणून आधी ती उतरवली.

सुट्टी संपली. डोंगरातल्या चौक्यांना रसद पोचवणाऱ्या ट्रकांचा ताफा माझ्याकडं होता. एकदा मोठे साहेब बायकोसह युनिट बघायला येणार होते. कमांडरनी बोलावलं. "मॅडम, आप लेडीज़ को सँभालिए. ताफा लेफ्टनंट ले जाएगा."

लेफ्टनंट माझ्याच हाताखाली शिकलेला. मी कारण विचारलं.

"औरत का हुक्म मानने में जवान हिचकिचाते हैं."

खोटं होतं. सल्यूट ठोकणारा तो पोरगा जराही अडखळला नव्हता. त्याला खाली बसवणारे दुसरेच होते.

"सर, ताफा माझा आहे. मीच नेणार. नको असेल तर तसा लेखी हुकूम द्या."

हुकूम आला नाही. ताफा मी नेला. ट्रक वर पोचले. माझा वार्षिक शेरा मात्र त्या सालापासून उतरत गेला.

पुढं माझ्या ठरावीक वर्षांच्या नेमणुकीची मुदत संपली. बरोबरीच्या मुलग्यांना कायम केलं. आम्हा बायकांना तशी सोयच नव्हती. पेन्शन नाही. हातात ट्रंक घेऊन कोल्हापूरला आले. आबा तोवर गेले होते. खिशात घातलेल्या त्या हाताबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

कळंब्याला भाड्याची खोली घेतली. एका कारखान्यात नोकरी मागायला गेले. मालकानं विचारलं, "सैन्यात? म्हंजे नर्स का?"

नर्सचं काम हलकं नाही. पण माझं काम त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं.

माझ्यासारख्याच काहीजणी बायकांनाही कायम करावं म्हणून दिल्लीत कोर्टात उभ्या राहताहेत असं कळलं. मी येते म्हणून कळवलं. भाऊ चिडला. "तुला आता परत कोण घेणार हाय? कशाला नादाला लागतीस?"

मला परत घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. निकालापर्यंत केस पांढरे होतील, तेही ठाऊक आहे. गेलेली वर्षं कुठलंच कोर्ट देणार नाही.

तरी मी लढणार. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. तिथं हरले तर पुन्हा अर्ज करीन. मला माघारीचा हुकूम देईल असा वरिष्ठ आता कुणी उरलेला नाही.